खरा ग्रेट क्वार्टरबॅक कुणाला म्हणायचं?

सिनसिनाटीकर
नमस्कार मंडळी. परवा मंडळाच्या कोजागिरीला मसाला दूध राहिलं बाजूला आणि आम्ही चौघं पार्किंगमध्ये रात्री साडेअकरापर्यंत वाद घालत उभे होतो. विषय अमेरिकन फुटबॉल. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, क्वार्टरबॅक मोजायचा तो सुपर बोलच्या (सीझनचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघाला अंगठ्या मिळतात) अंगठ्यांवर, बाकी सगळ्या गप्पा. टॉम ब्रेडीकडे सात आहेत, विषय संपला. आता मलाही ब्रेडी ग्रेट वाटतोच, पण तो सात अंगठ्यांमुळे वाटतो का, इथे माझं घोडं अडलंय. घरी येऊन झोप लागेना म्हणून हा धागा.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं, दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी एकाच माणसाच्या हातात येतो, तो क्वार्टरबॅक. मग त्याच्याकडे साधारण अडीच-तीन सेकंद असतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावत येतात आणि तेवढ्यात त्याला ठरवायचं असतं की चेंडू कुणाला द्यायचा, आणि तोही तो माणूस आत्ता जिथे आहे तिथे नाही, एका सेकंदाने जिथे पोचणार आहे तिथे.

तर प्रश्न असा, की अंगठ्या बाजूला ठेवल्या तर तुम्ही क्वार्टरबॅक कशावर जोखता? हात, डोकं, पाय, की आणखी काही? आमच्या शेजारचे आजोबा (जन्मापासून इथलेच, इथल्या बेंगल्स संघाचे कट्टर) म्हणतात, संघ मागे पडलेला असताना त्याच्याकडे बघायचं, पुढे असताना सगळेच चांगले दिसतात. मला हे पटतं, पण अर्धवट पटतं. तुमचं काय मत?

पॅट्रियट_पंत
सात.

पॅट्रियट_पंत
बरं, एका शब्दात उत्तर दिलं की लोक चिडतात म्हणून सविस्तर लिहितो. बॉस्टनला २००० साली आलो, त्याच वर्षी ब्रेडी ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे) १९९ वा निवडला गेला, आमच्या पॅट्रियट्सकडून, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले होते लोकांनी. म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव वेळा कुणी ना कुणी म्हणालं की हा नको. तिथून सात. आणि आजोबांचीच कसोटी लावायची तर फेब्रुवारी २०१७ घ्या, ह्यूस्टन, समोर अटलांटा फाल्कन्स, तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्कोअर २८-३. आमच्याकडे आलेले पाहुणे चपला घालून निघाले होते, मीच बायकोला म्हणालो डबे भरून दे त्यांना. ३४-२८ ने जिंकलो, ओव्हरटाइममध्ये. पाहुण्यांनी गाडीत रेडिओवर ऐकलं. अजून काय सिद्ध करायचं राहिलं सांगा.

अटलांटाची_आई
पंत, धाग्याच्या तिसऱ्याच पोस्टला २८-३ काढलंत! आमच्या गावात हा आकडा कुणी उच्चारत नाही. सविस्तर नंतर लिहिते, आत्ता लेकीची प्रॅक्टिस आहे.

रोखठोक_राव
पंत, मनापासून आदर आहे पण अंगठी ही त्रेपन्न जणांची असते. त्याच ब्रेडीच्या पहिल्या अंगठीला शेवटची किक ॲडम विनातिएरीची होती, ४८ यार्ड. सीहॉक्सच्या विरुद्ध गोल लाइनवर इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मधेच पकडणं) माल्कम बटलरचं, ब्रेडी तेव्हा बाकावर बसून बघत होता. आणि ज्या मॅचमध्ये त्याने ५०५ यार्ड फेकले, ती ईगल्सच्या विरुद्धची, ती हरला! मग अंगठ्या मोजून आपण नक्की कुणाला मोजतो?

आणखी एक नाव घ्या, ट्रेंट डिल्फर. २००० च्या सीझनला रेव्हन्स संघाचा क्वार्टरबॅक. त्या सीझनला सलग पाच मॅचमध्ये रेव्हन्सच्या ऑफेन्सला एकही टचडाऊन (चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणं) करता आला नव्हता आणि तरी त्यातल्या दोन त्यांनी जिंकल्या, कारण डिफेन्स तसा होता. डिल्फरला त्या पाचांच्या मधेच आणलं, सुपर बोल ३४-७ जिंकला, आणि पुढच्या सीझनला संघाने त्याला ठेवलंसुद्धा नाही. दुसरीकडे डॅन मरीनो, १९८४ मध्ये ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन पास, ज्या काळात निम्मे झाले तरी लोक खूश व्हायचे. अंगठी शून्य. डिल्फर मोठा की मरीनो? छातीवर हात ठेवून सांगा.

पुणे_पहाट
मी पुण्यातून. डेन्व्हरच्या क्लायंटबरोबर काम करता करता खेळाची गोडी लागली, सुपर बोल आमच्याकडे सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो, मी चहाचा थर्मास भरून एकटा बसतो, घरचे झोपलेले. माझा प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. क्वार्टरबॅक म्हणजे क्रिकेटमधला कॅप्टन की सलामीचा बॅट्समन की विकेटकीपर? मला तरी धोनी आठवतो. २०११ च्या फायनलला युवराजच्या आधी स्वतः उतरला आणि नाबाद ९१. निर्णयही त्याचा आणि अंमलबजावणीही त्याचीच.

आकडेमोड
प्रश्न बाळबोध नाही हो, उलट चांगला आहे. पण धोनीला विचार करायला ओव्हरच्या मधे वेळ मिळतो. इथे दोन प्रयत्नांच्या मधे ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. कोच हेल्मेटमधल्या स्पीकरवर प्ले, म्हणजे पुढच्या प्रयत्नाचा बेत, सांगतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, नियमच आहे. त्यानंतर क्वार्टरबॅक एकटा. समोरचा डिफेन्स कसा उभा आहे ते बघून प्ले तसाच ठेवायचा की बदलायचा, हे त्याचं त्यानेच ठरवायचं. मला विचाराल तर खरा क्वार्टरबॅक त्या शेवटच्या १५ सेकंदांत दिसतो.

निळा_घोडा
आकडेमोड, तुम्ही माझ्या देवाचं वर्णन केलंत. पेटन मॅनिंग! १२ वर्षं इंडियानापोलिसला काढली, स्टेडियममध्ये बसून बघितलंय. घरच्या मॅचला त्याच्या हातात चेंडू असला की पन्नास-साठ हजार लोक अक्षरशः चिडीचूप, आणि तो मधोमध उभा राहून हातवारे करतोय, ह्याला इकडे सरकवतोय, त्याला तिकडे, ओरडतोय, परत मागे येतोय. माझी आई भारतातून आली होती, तिला काही कळत नव्हतं पण म्हणाली, हा पंगतीत वाढप्यांना सूचना देणाऱ्या यजमानासारखा दिसतोय. अगदी तसाच!

आणि रावांचा मुद्दा पुढे नेतो. २०१० ला कोल्ट्स (इंडियानापोलिसचा संघ) १०-६, म्हणजे दहा विजय, सहा पराभव. २०११ ला मानेच्या ऑपरेशनमुळे मॅनिंग पूर्ण सीझन बाहेर, बाकीचा संघ बराचसा तोच, निकाल २-१४. एका माणसाच्या नसण्याने आठ विजय गेले. उलट ब्रेडी २००८ ला पहिल्याच मॅचमध्ये गुडघा दुखावून बाहेर गेला तर पॅट्रियट्सनी मॅट कॅसलला घेऊन ११ मॅच जिंकल्या. आता सांगा पंत.

पॅट्रियट_पंत
सांगतो की. त्या ११ जिंकूनही प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) गेले नाहीत आणि त्याच्या आदल्या वर्षी ब्रेडी असताना सीझन १६-० होता. आणि तुम्ही २०२० सोयीस्कर विसरलात. टॅम्पा बे २०१९ ला ७-९. ब्रेडी तिथे गेला आणि त्याच सीझनला सुपर बोल, ३१-९, वय ४३. त्याच वर्षी त्याच्याविना पॅट्रियट्स ७-९. म्हणजे ७-९ त्याने एका गावातून उचललं आणि दुसऱ्या गावात ठेवून आला. :)

रोखठोक_राव
हे मात्र मान्य करावं लागेल. टॅम्पाचं वर्ष ही अंगठी नंबर सात म्हणून माझ्या लेखी मोठी नाही, दुसऱ्या कोचकडे, दुसऱ्या पद्धतीत, कोव्हिडमुळे सराव सामने नसताना त्याने ते केलं म्हणून मोठी आहे. पण बघा हं, मी कारण सांगितलं, आकडा नाही सांगितला.

बफेलोचा_बंड्या
मी फक्त एवढंच सांगायला आलोय की १३ सेकंद.

पुणे_पहाट
बंड्या, उलगडून सांगा ना, मी तेव्हा नव्हतो बघत.

बफेलोचा_बंड्या
जानेवारी २०२२, कॅन्सस सिटी, प्लेऑफ. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून २५ पॉइंट झाले. आमच्या जॉश ॲलनने १३ सेकंद बाकी असताना टचडाऊन टाकून ३६-३३ केलं, घरात मुलं सोफ्यावर उड्या मारतायत, मी गणपतीसमोर निरांजन लावायला गेलो. परत आलो तोवर पॅट्रिक माहोम्सने दोन पासमध्ये चेंडू किकच्या टप्प्यात आणून ठेवला होता. किक बसली, ३६-३६, ओव्हरटाइम. टॉस त्यांचा, टचडाऊन त्यांचा, मॅच संपली ४२-३६. जॉशच्या हातात ओव्हरटाइममध्ये चेंडू आलाच नाही. पुढे प्लेऑफचा नियम बदलला, आता दोघांनाही संधी मिळते, पण आमचं गेलं ते गेलं. त्याच्या आधीच्या पिढीत जिम केली आमच्या संघाला सलग चार सुपर बोलला घेऊन गेला आणि चारही हरला, पहिला तर २०-१९, शेवटची किक खांबाच्या बाहेरून गेली. सलग चार वेळा तिथे पोचणारा दुसरा संघ नाही. तरी लोक हरलेला म्हणतात. अंगठ्या मोजणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे, त्या रात्री जॉश ॲलन कुठे कमी पडला ते सांगा.

पॅट्रियट_पंत
कुठेच नाही. ती मॅच मीही उभ्याने बघितली होती. बंड्याभाऊ, ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मृण्मयी_एलए
चर्चा छान चालली आहे पण मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. आपण ग्रेट कोण म्हणतोय तेव्हा ज्यांना खेळायला मिळालं त्यांच्यातलेच निवडतोय. किती वर्षं ह्या देशात कृष्णवर्णीय मुलाला सांगितलं जायचं की क्वार्टरबॅक ही डोक्याची जागा आहे, तू धाव, चेंडू पकड, ह्या जागेचं नाव काढू नकोस. वॉरन मून १९७८ च्या रोझ बोलमधला (कॉलेज फुटबॉलचा मोठा सामना) सर्वोत्तम खेळाडू, तरी ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथे सलग पाच ग्रे कप (तिथल्या लीगचं विजेतेपद) जिंकला, तेव्हा कुठे १९८४ मध्ये ह्यूस्टनने बोलावलं. त्याच्या ऐन उमेदीची सहा वर्षं परदेशात गेली. २००६ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला, ह्या जागेवर खेळणारा पहिला कृष्णवर्णीय.

आणि डग विल्यम्स. जानेवारी १९८८ चा सुपर बोल. आदल्या दिवशी दाताचं रूट कॅनल झालेलं. पहिल्या क्वार्टरमध्ये गुडघा वाकडा होऊन बाहेर गेला, संघ १०-० मागे. परत आला आणि एकट्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये चार टचडाऊन पास, वॉशिंग्टनचे ३५ पॉइंट. शेवटी ४२-१०. जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. त्याच्या खांद्यावर त्या दिवशी फक्त मॅच नव्हती. दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक असलेला पहिला सुपर बोल बघायला मग २०२३ उजाडलं, माहोम्स विरुद्ध जेलन हर्ट्स. मध्ये पस्तीस वर्षं गेली. म्हणून मी जेव्हा जोखते तेव्हा त्या माणसाला तिथवर पोचायला काय पडलं हे वजा करून बघूच शकत नाही.

आकडेमोड
मृण्मयी, उत्तम पोस्ट. ह्याला जोडून नियमांचंही सांगतो, कारण त्याशिवाय दोन काळांची तुलना होत नाही. १९७८ ला नियम आला की पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) ढकलायचं नाही. त्याच्या आधी डिफेन्सवाले चेंडू हवेत जाईपर्यंत रिसीव्हरला सबंध मैदानभर बुकलत न्यायचे. त्या काळात जॉनी युनिटासने १९५९ ला १२ मॅचमध्ये ३२ टचडाऊन पास टाकले, आणि प्लेसुद्धा स्वतःच ठरवायचा, कानात कुणी बोलत नव्हतं. सलग ४७ मॅचमध्ये निदान एक टचडाऊन पास, हा त्याचा विक्रम मोडायला २०१२ उजाडलं, ड्र्यू ब्रीझने मोडला. आपल्याकडे हेल्मेटशिवाय वेस्ट इंडीजला खेळलेल्या गावस्करची सरासरी आजच्या पोरांशी लावायची नसते, तसंच हे. मरीनोचे ४८ वीस वर्षं टिकले, मॅनिंगने २००४ ला ४९ केले, ब्रेडीने २००७ ला ५०, मॅनिंगने परत २०१३ ला ५५. आकडे चढत गेले कारण जमीन सपाट होत गेली.

निळा_घोडा
आणि गंमत बघा, ५५ टाकले त्या सीझनच्या सुपर बोलला मॅनिंग ४३-८ हरला, पहिलाच स्नॅप (क्वार्टरबॅककडे मागे दिला जाणारा चेंडू) डोक्यावरून मागे गेला. दोन वर्षांनी हात गेलेला, सीझनला ९ टचडाऊन आणि १७ इंटरसेप्शन, मधे बाकावर बसवलेला, आणि त्या वर्षी डेन्व्हरच्या डिफेन्सने त्याला अंगठी मिळवून दिली. मी मॅनिंगचा भक्त आहे म्हणून सांगतो, त्याची दुसरी अंगठी मी मोजत नाही. २०१३ मोजतो.

सिनसिनाटीकर
वा, एका भक्ताने देवाची अंगठी सोडून दिली, धागा काढल्याचं सार्थक झालं. मराठीत क्वार्टरबॅकला काय म्हणावं ह्यावर पण आमच्या पार्किंगमध्ये वाद झाला होता. मी 'सूत्रधार' सुचवलं.

रोखठोक_राव
सूत्रधार नांदी म्हणून विंगेत जातो हो. त्याला मधल्या अंकात कुणी येऊन जमिनीवर आपटत नाही.

मृण्मयी_एलए
कबड्डीचा चढाईवाला? एकटा, समोर सात जण, दम धरून, आणि परत यायचं.

आकडेमोड
चढाईवाला स्वतःसाठी जातो. क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्याला द्यायचा असतो.

बफेलोचा_बंड्या
पालखीचा चोपदार. त्याने चोप उंच केला की अख्खी दिंडी गप्प, परत केला की भजन सुरू.

निळा_घोडा
बंड्या!! हे आईला फोन करून सांगतो आत्ता.

देवळाली_ते_डेमॉइन
उशिरा आलो. आयोवातून कर्ट वॉर्नरचं नाव घेतल्याशिवाय कसं चालेल. ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, एका संघाने सरावातून परत पाठवला, मग इथे आमच्या राज्यात रात्रपाळीला किराणा दुकानात फळ्यांवर डबे लावायचा. नंतर डेमॉइनलाच इनडोअर फुटबॉल खेळला. १९९९ ला रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून ह्याला उभा केला, आणि त्याच सीझनला लीगचा एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू), सुपर बोल आणि सुपर बोलचाही एमव्हीपी. मी जेव्हा किराणा आणायला जातो तेव्हा रात्री माल लावणाऱ्या पोरांकडे बघून हमखास मनात येतं. अशी किती मुलं असतील.

सुपर बोलला काय करताय पण यंदा खायला? आमच्याकडे बटाटेवडे आणि चिकन विंग्ज दोन्ही, पण वडे हाफटाइमला तळायचे की आधी ह्यावरून गेल्या वर्षी गोंधळ झाला.

मृण्मयी_एलए
सारण आणि पीठ आधी, तळण हाफटाइमला. सुपर बोलचा हाफटाइम लांबलचक असतो, चाळीस वडे आरामात होतात.

अटलांटाची_आई
आले एकदाची. वाचलं सगळं. मी काही आकडे सांगू शकणार नाही पण मला रोज घरात एक क्वार्टरबॅक बघायला मिळते ते सांगते.

लेक सोळा वर्षांची, शाळेच्या फ्लॅग फुटबॉल टीममध्ये. जॉर्जियात मुलींचं फ्लॅग फुटबॉल शाळेच्या अधिकृत खेळांत आहे. अंगावर पडायचं नसतं, कमरेला लटकलेली पट्टी ओढली की संपलं. तरी बाकी सगळं तेच. मनगटावर प्लॅस्टिकची पट्टी असते, त्यात बारीक अक्षरात सगळे प्ले, कोच नंबर ओरडतो आणि ती तिथे बघून बाकीच्यांना सांगते. घरी ती पट्टी वाळत घातलेली असते पंचासारखी. नंबर पाठ करताना भाजी चिरते आणि मधेच 'सतरा!' म्हणून ओरडते, मी दचकते.

मागच्या गुरुवारची गोष्ट. शेवटची चार मिनिटं, आम्ही पाच पॉइंटने मागे. टीममध्ये एक नवीन मुलगी आहे, लाजाळू, ह्या वर्षी पहिल्यांदाच खेळतेय. तिच्या हातातून आधीच दोन चेंडू सुटले होते, दुसरा तर अगदी छातीवर आलेला. तिचे आई-वडील आमच्या पुढच्याच रांगेत बसलेले, त्या बाईची पाठ बघून मला कळत होतं तिचं काय होतंय. मागून कुणीतरी ओरडलंसुद्धा, तिला काढा म्हणून. चौथा प्रयत्न, ह्यात नाही झालं तर मॅच गेली. लेक मागे सरकली, डावीकडे तिची जिवलग मैत्रीण, जिच्या हातातून कधीच काही सुटत नाही, मला वाटलं आता तिलाच. आणि हिने उजवीकडे त्या नवीन मुलीला टाकला. तिने तो पोटाशी घट्ट धरला, दोन्ही हातांनी, बाळ धरावं तसा, आणि धरूनच लाइनच्या पलीकडे पडली.

घरी येताना गाडीत विचारलं, अगं दोनदा सुटला होता ना तिच्याकडून, तिलाच का? तर मला म्हणाली, "आई, ती मोकळी होती." एवढंच. आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.

मला तेव्हापासून वाटतंय की हे फार अवघड आहे. मी असते तर मागचे दोन माझ्या डोक्यात असते.

पॅट्रियट_पंत
ताई, २८-३ मागे घेतो. लेकीला आशीर्वाद सांगा.

रोखठोक_राव
दोनदा वाचली पोस्ट. धागाकर्त्याने विचारलं होतं की 'आणखी काही' काय, ते हेच असावं. मी आजवर हे स्वतःच्या चुकीपुरतं धरत होतो. म्हणजे माहोम्सचा पहिला सुपर बोल, फेब्रुवारी २०२०, दोन इंटरसेप्शन टाकून बसलेला, २०-१० मागे, सात मिनिटं उरलेली, तिसऱ्या प्रयत्नाला १५ यार्ड हवेत, आणि तो मागे मागे जाऊन ४४ यार्डांचा पास टाकतो टायरीक हिलला. शेवटी ३१-२०. स्वतःची चूक विसरणं इतपत मला माहीत होतं. दुसऱ्याची चूक विसरून परत त्याच्याकडेच चेंडू टाकणं, ह्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

सिनसिनाटीकर
ताई, तुमची पोस्ट मी आजोबांना वाचून दाखवली, इंग्लिश करून. ते जरा वेळ गप्प बसले आणि मग ज्या मॅचबद्दल ते कधी बोलत नाहीत तिच्याबद्दल बोलले.

जानेवारी १९८९ चा सुपर बोल, मायामी, बेंगल्स विरुद्ध फोर्टी नाइनर्स. बेंगल्स १६-१३ पुढे, ३ मिनिटं २० सेकंद बाकी. फोर्टी नाइनर्सचा क्वार्टरबॅक जो मोंटाना, त्याला चेंडू मिळाला स्वतःच्या ८ यार्डांवर, म्हणजे ९२ यार्ड जायचं होतं. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे त्याने तेवढ्यात आपल्या लाइनमधल्या एकाला स्टँडमध्ये जॉन कँडी हा नट बसलेला दाखवला. लोक म्हणतात काय थंड डोक्याचा माणूस. पण त्याच ड्राइव्हमध्ये (चेंडू घेऊन पुढे सरकण्याच्या त्या सलग चालीत) ओरडून ओरडून त्याला धाप लागली होती, भोवळ येईल अशी वेळ आली आणि त्याने एक चेंडू मुद्दाम बाहेर फेकून दिला. म्हणजे थंडबिंड काही नाही, माणूसच होता. त्या मॅचमध्ये जेरी राइसने ११ झेल घेतले होते, २१५ यार्ड. शेवटी १० यार्ड उरले तेव्हा अख्ख्या बेंगल्सच्या डिफेन्सचे डोळे राइसवर. मोंटानाने चेंडू टाकला जॉन टेलरला. टचडाऊन, ३४ सेकंद बाकी. टेलरचा संपूर्ण मॅचमधला तो एकमेव झेल.

आजोबा म्हणाले, "तीस-पस्तीस वर्षं मी त्या माणसावर रागावलोय, पण टेलर मोकळा होता."

आकडेमोड
अंगावर काटा आला. पण एक गोष्ट नोंदवतो, त्याच मॅचमध्ये चौथ्या क्वार्टरला मोंटानाचा एक पास बेंगल्सच्या लुईस बिलप्सच्या हातात एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) पडला होता आणि त्याच्याकडून सुटला. पुढच्याच प्लेला राइसचा टचडाऊन, १३-१३. बिलप्सने तो धरला असता तर आज आपण मोंटानाच्या चार अंगठ्या म्हणतो त्या तीन असत्या, आणि माणूस मात्र तोच असता. त्यामुळे अंगठ्यांवर माझा अजूनही विश्वास नाही.

पॅट्रियट_पंत
माझा आहे. पण सातांपैकी कुठली मला सगळ्यात प्रिय, असं कुणी विचारलं तर आता जरा विचार करावा लागेल. बहुतेक २८-३ नसेल. त्या मॅचला त्याच्या एका पासवर फाल्कन्सने इंटरसेप्शन करून थेट टचडाऊन केला होता, तो धावत्या माणसाला पकडायला झेपावला आणि तोंडावर पडला, ते दृश्य जास्त डोळ्यांसमोर येतंय. अरे, ती तीच मॅच झाली की! ताई, माफ करा, परत काढलं.

अटलांटाची_आई
काढा पंत, आता चालेल. त्या इंटरसेप्शनला आम्ही फटाके वाजवले होते.

पुणे_पहाट
मोंटानाचा तो शेवटचा ड्राइव्ह आज पहाटे शोधून बघितला. चहा घेतलाच नाही, गार झाला. एक विचारायचं होतं. चेंडू टाकायच्या आधी राइस एका बाजूने दुसरीकडे धावत जातो तेव्हा बेंगल्सचे गडी त्याच्याबरोबर सरकतात ना? मी चार वेळा मागे नेऊन बघितलं, टेलर मधून सरळ वर जातो आणि त्याच्या आजूबाजूला एकदम जागा होते. आजोबांना विचारून सांगाल का, त्यांना ते तेव्हा स्टेडियममध्ये दिसलं होतं की टीव्हीवर?

सिनसिनाटीकर
टीव्हीवरच, ह्याच घरात. विचारलं मी. म्हणाले, रविवारी या, लावून बघू, मी काही ती परत बघितलेली नाही. लॅपटॉप घेऊन जातोय. बायकोने चकलीचा डबा भरून ठेवलाय त्यांच्यासाठी.